गोठ्यातलं रजिस्टर : पशुविज्ञानाच्या एका पदवीची पारख

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दादाचा फोन आला. "उद्या सकाळी घरी ये. पोरगी एका कागदावर सही मागते आहे आणि मला त्यातलं काही कळत नाही."

कागद होता एका खासगी विद्यापीठाच्या प्रवेशाचा. बी.एस्सी. ऑनर्स, पशुविज्ञान, चार वर्षं. पहिला हप्ता भरायला १८ दिवस उरले होते आणि वर्षाची फी दादाच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती. सोबत गुळगुळीत कागदावरची पुस्तिका. तिच्या मुखपृष्ठावर काळी-पांढरी विलायती गाय होती, आणि तिच्या गळ्यात हात टाकून हसणारी मुलगी पांढऱ्या कोटात.

मी पशुवैद्य आहे. आणंदच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले आणि मग तीस वर्षं दूध संघाच्या नोकरीत पादरा, डभोई, सावलीच्या गावांतून फिरले. घरात जनावरांबद्दल कुठलाही प्रश्न निघाला की तो माझ्याकडेच येतो. हा मात्र जनावराचा प्रश्न नव्हता, माझ्या भाचीच्या चार वर्षांचा होता. तेव्हापासून बडोद्यातल्या आणखी तीन आई-बापांनी मला हेच विचारलं आहे. म्हणून काय पाहिलं, कुठे चुकले आणि शेवटी काय ठरलं, ते सगळं क्रमानं लिहून काढते आहे.

भाचीची पार्श्वभूमी थोडक्यात. दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेली. पावसाळ्यात विश्वामित्री फुगली की मगरी सोसायट्यांच्या आवारात येतात. त्यांना उचलून नेणाऱ्या स्वयंसेवकांमागे ही सातवीपासून पळायची. नंतर मगरी सुटल्या आणि एका भरवाडाच्या, म्हणजे गुरं पाळणाऱ्याच्या, तबेल्याचं वेड लागलं. बारावीला बायॉलॉजी घेतलं, नीटची प्रवेश परीक्षा दिली, पण आलेल्या गुणांत सरकारी व्हेटर्नरी कॉलेजात नंबर लागणार नव्हता. त्याच आठवड्यात ही पुस्तिका घरी आली. तिची समजूत अशी, की डॉक्टरकीचं मोठं दार बंद झालं असलं तरी हे शेजारचं दार आहे आणि आत गेल्यावर दोन्ही खोल्या एकच.

कागदावरची पदवी

पहिल्या दिवशी मी फक्त कागद वाचले. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत होतं, म्हणजे पदवी देण्याचा अधिकार त्याला होता. पुस्तिकेत नॅकचा, म्हणजे मूल्यांकन मंडळाचा, दर्जा ठळक छापलेला होता. तो पूर्ण संस्थेचा असतो. इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटच्या जोरावर मिळालेल्या दर्जानं गोठ्याबद्दल काहीही कळत नाही.

मग खरा प्रश्न आला : या पदवीनं कायद्यानं काय करता येतं?

आपल्याकडे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. त्याच्या कलम ३० प्रमाणे जनावरांवर उपचार करणं, जनावराच्या तब्येतीचा दाखला देणं, सरकारी पशुवैद्यकाचं पद धरणं, हे फक्त नोंदणी झालेल्या पशुवैद्यालाच करता येतं. नोंदणी मिळते ती बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यकीय पदवीवर. तो साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप येते, आणि कॉलेजजवळ स्वतःचं जनावरांचं फार्म आणि दवाखाना असलाच पाहिजे, असं परिषदेचे २०१६ चे नियम सांगतात. त्याच कलमात एक सवलत आहे : स्टॉकमन किंवा पशुधन सहायकाची पदविका असलेल्याला राज्य सरकार परवानगी देऊ शकतं, आणि तो पशुवैद्याच्या देखरेखीखाली लस टोचणं, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी प्राथमिक कामं करू शकतो.

आता या दोहोंच्या मध्ये बी.एस्सी. पशुविज्ञान ठेवून पाहा. पशुवैद्याला सगळं करता येतं. पदविकावाल्याला थोडं करता येतं. चार वर्षं शिकलेल्या पदवीधराचा मात्र कलमात कुठे उल्लेखच नाही. ही गोष्ट पुस्तिकेच्या ३२ पानांत एकदाही आली नव्हती. मी दादाला ती वाचून दाखवली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. वहिनी म्हणाली, "मग कोटातला फोटो कशाला छापलाय?"

पुस्तिकेतलं दुसरं वाक्य होतं, 'अमेरिकेच्या धर्तीवर'. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण यातच सगळी गफलत आहे. अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला. राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांतून शेतीची महाविद्यालयं उभी राहिली. त्यांच्या पशुसंवर्धन विभागांतूनच पुढे पशुविज्ञानाची चार वर्षांची पदवी घडली. तिथे व्हेटर्नरी कॉलेजात जायचं तर मुलं आधी कॉलेजची काही वर्षं, बहुतेक वेळा पूर्ण पदवी, करतात. त्यात सेंद्रिय रसायन, जीवरसायन, भौतिकशास्त्र असे ठरलेले विषय घ्यावे लागतात. त्यानंतर चार वर्षांचं पशुवैद्यकीय शिक्षण. म्हणजे तिथे पशुविज्ञान ही शिडीची पहिली पायरी आहे. आपल्याकडे पशुवैद्यकाला बारावीनंतर थेट प्रवेश. पहिली पायरी तिकडून आणून इथे मांडली, पण तिच्या वरची पायरी इथल्या शिडीला नाहीच. ज्याला वर चढायचं नाही त्यालाही तिथे काम मिळतं, कारण एकेका डेअरीत शेकडो, कधी हजारो गाई असतात आणि त्या कळपाला व्यवस्थापक लागतो, आहारतज्ज्ञ लागतो. आमच्या भागात एका घरी दोन म्हशी आणि एक पारडी. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून जास्त गाई-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. काम करणाऱ्या हातांची गरज आहे यात शंका नाही. पण ही जनावरं कोट्यवधी दारांशी बांधलेली आहेत, आणि त्या दारात पगारी व्यवस्थापक कोणी ठेवत नाही. तिथपर्यंत पोचतो तो दूध संघाचा किंवा सरकारचा माणूस, आणि त्या जागांच्या जाहिरातींत बहुतेक वेळा पशुवैद्याची पदवी नाहीतर पदविका मागितलेली असते.

एवढं झाल्यावर माझं मत बनलं होतं. नको. दादालाही पटलं. पोरीला पटलं नाही.

गोठा

"न बघता नको म्हणतेस?" ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. आजारी म्हैस न पाहता फोनवर औषध सांगणाऱ्यांवर मी आयुष्यभर चिडत आले. गुरुवारी आम्ही दोघी गेलो, मुद्दाम न कळवता आणि सकाळच्या दुधाच्या वेळेला.

गोठ्यात मोठी १४ जनावरं होती. ९ संकरित गाई, ३ गीर, २ मेहसाणी म्हशी. शिवाय वासरं. गव्हाणी स्वच्छ होत्या, पाण्याचा हौद शेवाळलेला नव्हता, खुरांची निगा बरी होती. वाईट गोठा नव्हता, हे आधीच सांगते. मुलं मात्र एकही नव्हती. सकाळचं दूध दोन गडी काढत होते. पहिलं लेक्चर साडेनऊला होतं.

कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाची चार मुलं भेटली, गुजरातीत मोकळी बोलली. मी विचारलं, गाभण तपासायला हात किती वेळा घातला? एकानं दोनदा, दुसऱ्यानं एकदा, बाकीच्या दोघांनी नुसतं पाहिलं होतं. कृत्रिम रेतन? मॉडेलवर. कासदाहाची, म्हणजे कासेच्या सुजेची, तपासणी? ती सगळ्यांनी केली होती आणि पॅडलमध्ये दूध घट्ट कसं होतं ते नीट सांगितलं. गोठलेल्या वीर्याची कांडी उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढून ३७ अंशांच्या पाण्यात किती वेळ धरायची, हे एका मुलीला माहीत होतं. तिनं ते करून पाहिलं नव्हतं.

मी हिशेब मांडला. अभ्यासक्रमात त्या सेमिस्टरला जनावरांच्या प्रात्यक्षिकाला दोन क्रेडिट होती. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, तेव्हा दोनाचे ६०. वर्गात ४० मुलं, हाताशी १४ जनावरं, म्हणजे एका जनावराभोवती तिघं. ६० तासांतले जेमतेम २० तास एका मुलाच्या वाट्याला येणार, तेही हजेरी, शेडपर्यंतची चाल आणि हात धुणं धरून. आम्ही आणंदला असताना इंटर्नशिपच्या एका पावसाळी महिन्यात यापेक्षा जास्त वेळ गाईंच्या मागे उभ्या असायचो.

त्यानंतर विभागप्रमुख भेटले. साधा, खरं बोलणारा माणूस. पशुआहारात पीएच.डी. झालेले. त्यांची खाद्याची प्रयोगशाळा पाहून मला मनापासून आनंद झाला. नत्र काढायचं जेल्डाल यंत्र चालू स्थितीत होतं, मुलांच्या वह्यांत स्वतः काढलेले आकडे होते आणि नत्राला ६.२५ नं गुणून प्रथिनं काढताना केलेल्या चुका लाल शाईनं सुधारलेल्या होत्या. मुरघासाचे, म्हणजे हवाबंद साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचे, तीन नमुने बरण्यांत ठेवले होते. एक चांगला, एक बुरशी आलेला आणि एक ओलावा जास्त राहून कुजलेला, प्रत्येकाखाली कारण लिहिलेलं. असं शिकवणं कमी ठिकाणी पाहायला मिळतं. मी त्यांना विचारलं, आधीच्या बॅचेस कुठे लागल्या? ते म्हणाले, "मॅडम, पहिली बॅच पुढच्या वर्षी बाहेर पडेल. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही." पुस्तिकेत मात्र नोकरी देणाऱ्या कंपन्यांची बोधचिन्हं दीड पानभर होती.

गाडीत बसल्यावर मी माझा निकाल सांगायला लागले. दवाखाना नाही, शस्त्रक्रिया नाही, हात घालायला जनावरं नाहीत. भाचीनं मला मध्येच थांबवलं.

"आत्या, तू सगळं डॉक्टरच्या नजरेनं मोजते आहेस. मला सुई टोचायची आहे असं मी कधी म्हटलं? मला त्यांचं खाणं, त्यांची पिल्लं, कोणती म्हैस कुणाची, हे आवडतं. हा कोर्स त्याचाच आहे ना? मग त्याच मापानं मोज."

मी गाडी बाजूला घेतली. ही चूक माझी होती. मी आठवडाभर एका पदवीला दुसरी पदवी नसल्याबद्दल नापास करत होते. पशुविज्ञान म्हणजे अर्धवट पशुवैद्यक नव्हे. आहार, पैदास, निवारा, नोंदी, दुधाचं अर्थशास्त्र हा त्याचा स्वतःचा प्रांत आहे, आणि गावात म्हशी जितक्या आजारानं वाया जातात त्याहून जास्त चुकीच्या खाण्यानं आणि हुकलेल्या माजानं, म्हणजे रेतनाची वेळ निसटल्यानं, वाया जातात, हे मी स्वतः हजार वेळा सभासदांना सांगितलं आहे. आमचं शिक्षण आजाराभोवती फिरतं. निरोगी जनावराकडे कसं पाहायचं, ते मी नोकरीत शिकले.

तेव्हा नव्या मापानं पाहायचं ठरलं. आहार : उत्तम. निवारा : बरा. पैदास?

भाचीनं तिची वही उघडली. मी प्रयोगशाळेत रमले होते तेवढ्या वेळात ती गोठ्यातल्या बाकावर गड्याशेजारी बसून पैदाशीचं रजिस्टर पाहत होती. लहानपणी मी तिला शिकवलेलं तिच्या लक्षात होतं : गाभणकाळ गाईचा साधारण २८० दिवस, म्हशीचा ३१०, माज दर २१ दिवसांनी. तिनं वहीत उतरवून घेतलं होतं. गेल्या वर्षभरात ९ जनावरं व्यायली होती. त्यातल्या ५ जणींच्या रेतनाची तारीखच लिहिलेली नव्हती. वळूचा नंबर एकाही ओळीत नव्हता. दोन गाईंना विऊन सात महिने झाले होते आणि त्यांच्या पुढे माजाची एकही नोंद नव्हती.

हे वाचताना मला काय वाटलं ते सांगायला हवं. म्हशीनं तेरा-साडेतेरा महिन्यांनी परत वेत द्यावं असं वाटत असेल, तर ३१० दिवस वजा जाता व्याल्यानंतर जेमतेम शंभर दिवसांत ती गाभण राहायला हवी. तेवढ्यात माज येणार तीन-चार वेळा. म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर दिसतच नाही. एक हुकला की २१ दिवस दाण फुकट आणि दूध पुढे ढकललं जातं. म्हणून पैदाशीचं सगळं शास्त्र त्या रजिस्टरपासून सुरू होतं. वळूचा नंबर नसेल तर कोणती कालवड कोणत्या वळूची ते कळत नाही, आईपेक्षा लेक दूध जास्त देते की कमी, ते कशाच्या जोरावर सांगणार? पैदाशीचं गणित फळ्यावर शिकवणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या गोठ्यात त्या गणिताची पहिली ओळ रिकामी होती. ४० मुलं रोज त्या रजिस्टरसमोरून जात होती आणि ते भरण्याचं काम कुणालाही दिलेलं नव्हतं. १४ जनावरं कमी आहेत हे मी समजू शकते, जनावरांना पैसा लागतो. रजिस्टरला पेन पुरतो.

उरलेले दिवस

विद्यापीठाला भाचीनं स्वतः पत्र लिहिलं, चार प्रश्नांचं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात जनावर किती तास असतं? गोठ्याच्या नोंदी कोण ठेवतं? कोणत्या डेअरीशी किंवा खाद्य कारखान्याशी करार आहे आणि तो आज चालू आहे का? या पदवीवर पुढे कोणत्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे किंवा मिळू शकतो? पाचव्या दिवशी प्रवेश कार्यालयातून फोन आला, लवकर जागा पक्की केल्यास सवलत मिळेल म्हणून. लेखी उत्तर दहाव्या दिवशी आलं. पहिल्या प्रश्नाला क्रेडिटचा तक्ता जोडला होता, तिसऱ्याला एका खाद्य कारखान्याच्या भेटीचा फोटो. दुसऱ्या आणि चौथ्याबद्दल काहीच नव्हतं.

चौथा प्रश्न सगळ्यात जड होता. तिला ज्या वाटेनं जायचं होतं, म्हणजे पशुआहार किंवा पशुपैदास, त्या विषयांतली एम.व्ही.एस्सी. करायला आधी बी.व्ही.एस्सी. लागते. सुई टोचायची नसली तरी रस्ता त्याच गल्लीतून जातो. मला स्वतःला हे न्याय्य वाटत नाही. ज्या देशाच्या दुधाचा पाया दोन-तीन जनावरांच्या घरांवर उभा आहे, तिथे निरोगी जनावराचं शास्त्र शिकलेल्यांची वेगळी फळी हवी, आणि तिला कायद्यात आणि भरतीच्या नियमांत स्वतःची जागा हवी. त्या विभागप्रमुखांसारखी माणसं ती फळी घडवू शकतील. पण माझ्या भाचीची चार वर्षं त्या सुधारणेच्या भरवशावर पणाला लावावीत, हे माझ्याच्यानं सांगवेना.

दुसरे पर्यायही पाहिले. आणंदचं डेअरी विज्ञान महाविद्यालय मला प्रिय आहे, पण ते शिक्षण दूध डेअरीत पोचल्यानंतरचं आहे, आणि तिनं गणित सोडलेलं. परदेशाचा विषय दादानंच बंद केला.

घरात दोन दिवस वाद झाला. आजीचं म्हणणं, वर्ष वाया घालवू नका. दादाचं, चार वर्षांनी हातात ऑनर्स तरी येईल. वहिनीनं एकच विचारलं, "हिला तिथे गाईपाशी किती वेळ मिळणार?" मी २० तासांचा हिशेब पुन्हा सांगितला. वहिनी म्हणाली, "इतका वेळ ती भरवाडाकडे एका आठवड्यात असते."

निर्णय भाचीनं घेतला. सतराव्या दिवशी तिनं विद्यापीठाला नकार कळवला आणि त्या विभागप्रमुखांना वेगळं पत्र लिहून आभार मानले. त्यात रजिस्टरबद्दलही लिहिलं, नम्रपणे. त्यांचं उत्तर आलं. नोंदी आता दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे दिल्या आहेत, असं त्यांनी कळवलं.

तिनं सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्राला प्रवेश घेतला. घरून सायकलनं जाता येतं, फी दादाला झेपते, आणि प्राणिशास्त्र तिला आवडतं. सोबत नीट पुन्हा एकदा, एकदाच. लागली तर व्हेटर्नरी, नाहीतर प्राणिशास्त्र आणि पुढे आनुवंशिकी. शनिवार-रविवार ती पादऱ्याजवळच्या एका गावात असते. तिथे माझ्या ओळखीचे एक सभासद २६ म्हशी पाळतात, बहुतेक सुरती. त्यांच्याकडे नोंदवही नव्हती, सगळं डोक्यात. भाचीनं पहिल्याच रविवारी दोनशे पानी वही नेली आणि प्रत्येक म्हशीला एक पान दिलं.

सहाव्या पानावरच्या म्हशीचा माज १४ जुलैला पहाटे घरच्या सुनेनं ओळखला आणि लगेच फोन केला. रेतन त्याच सकाळी झालं, वळूचा नंबर वहीत आहे. ऑक्टोबरात मी जाऊन हात घालून पाहिलं, गाभण आहे. भाचीनं दिवस मोजून समोर तारीख लिहिली आहे, २० मे. नीटची परीक्षा त्याच्या दोनेक आठवडे आधी येईल.